बडोदे, कटाचे दोन खटले आणि कलम १२०-ब



मागे आपल्या ग्रुपवर सयाजीगंजच्या जुन्या आठवणींची माळ लागली होती. स्टेशन, काळा घोडा, कॉलेजचा घुमट, कमाटीबाग, सगळे येऊन गेले. त्यात एका ताईंनी विचारले होते, "काका, डायनामाइट केसला बडोद्याचे नाव कसे पडले? तुम्ही तर तेव्हा इथेच होता ना?" दोन ओळींत उत्तर देणे जमले नाही म्हणून आज सविस्तर लिहितो. थोडे लांबेल. चहा घेऊन बसा.

मी मूळचा बडोद्याचाच. जन्म दांडिया बझारचा, शिक्षण म. स. विद्यापीठात बी. कॉम., आणि नोकरीची पहिली सहा वर्षे सयाजीगंजातल्या एका बँकेच्या शाखेत. वकील नाही. पण अडतीस वर्षे बँकेत काढलेला माणूस आयुष्यात एकदा तरी १२०-ब हा आकडा ऐकतोच, आणि बहुतेक वेळा तो ऐकून त्याच्या पोटात गोळा येतो. त्याबद्दल पुढे सांगेन.

आमच्या गावाचे नाव दोनदा कटाच्या खटल्यात आले. पहिला खटला आमच्या आजीच्या तोंडी "सरबताचा खटला" होता. तिच्या सासऱ्यांनी म्हणे मल्हारराव महाराजांना लहानपणी हत्तीवर बसलेले पाहिले होते. ती सांगायची ती गोष्ट सगळीच्या सगळी महाराजांच्या बाजूची. नंतर मी वाचले तेव्हा कळले की प्रकरण इतके सरळ नव्हते.

मल्हारराव गादीवर यायच्या आधीच कटाच्या आरोपाखाली कैदेत होते, हे आजी कधी सांगत नसे! थोरले बंधू खंडेराव महाराजांच्या जिवावर उठल्याच्या आरोपावरून त्यांना पादऱ्याला डांबून ठेवले होते. १८७० मध्ये खंडेराव वारले आणि कैदेतला माणूस थेट गादीवर आला. कारभार वाईट होता, तक्रारी वाढल्या. इंग्रजांचा रेसिडेंट कर्नल फेअर आणि महाराज यांचे एक क्षण पटत नव्हते. १८७४ मध्ये दादाभाई नौरोजी आपले दिवाण होते, तेही या ओढाताणीत टिकले नाहीत.

९ नोव्हेंबर १८७४ ला सकाळी फिरून आल्यावर फेअरसाहेबांनी रोजचे पपनसाचे सरबत एक-दोन घोट घेतले, चव बिघडलेली वाटली म्हणून बाकीचे फेकून दिले. ग्लासच्या तळाला गाळ दिसला. रेसिडेन्सीच्या डॉक्टरांनी तपासले, सोमल आणि हिऱ्याची पूड निघाली. रेसिडेन्सी कॅम्पात, म्हणजे आपल्या सयाजीगंजाच्या पलीकडे फत्तेगंजच्या बाजूला. जानेवारी १८७५ मध्ये महाराजांना अटक झाली.

पुढचे ऐका. संस्थानिकावर नेहमीच्या कोर्टात खटला चालवता येईना म्हणून सहा जणांचे कमिशन नेमले. तीन इंग्रज, त्यात बंगालचे सरन्यायाधीश सर रिचर्ड काउच अध्यक्ष. तीन हिंदी: ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंग आणि सर दिनकरराव राजवाडे, आपले कोकणातले देवरुखचे. महाराजांच्या बाजूने लंडनहून सार्जंट बॅलंटाइन नावाचे नामांकित वकील आले. सरकारी बाजूचा सगळा भार होता कोणावर? रेसिडेन्सीतला हवालदार रावजी, जमादार नरसू आणि महाराजांचा खाजगी कारभारी दामोदरपंत यांच्या जबानीवर. म्हणजे ज्यांनी विष आणले आणि घातले असे तेच म्हणत होते, त्यांच्याच शब्दावर. बॅलंटाइनने उलटतपासणीत नेमके तिथेच बोट ठेवले. स्वतःची मान वाचवायला माणूस दुसऱ्याची पुढे करतो की नाही?

निकाल तीन विरुद्ध तीन. इंग्रज म्हणाले दोषी, हिंदी सदस्यांना आरोप सिद्ध झाला असे वाटले नाही. मग सरकारने काय केले? विषाचा मुद्दा बाजूला ठेवला आणि गैरकारभाराच्या कारणावरून एप्रिल १८७५ मध्ये पदच्युत करून मद्रासला पाठवले. तिथेच १८८२ मध्ये ते गेले. खंडेरावांच्या राणीसाहेब जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला आणि २७ मे १८७५ ला आपल्याला सयाजीराव मिळाले. आज काळ्या घोड्यावर बसलेत ते. आजी म्हणायची, "सरबत बिघडलं म्हणून गाव सुधारलं." मला काही हे वाक्य पटत नाही, पण तिच्या तोंडी शोभायचे.

आता कायदा. मल्हाररावांच्या वेळी कलम १२०-ब नव्हतेच. १८६० च्या दंडसंहितेत कट हा मुख्यतः चिथावणीचा, म्हणजे अपप्रेरणेचा एक प्रकार होता. राजाविरुद्ध कटाचे कलम १२१-अ १८७० मध्ये घातले. नाशिकच्या जॅक्सन खुनानंतरच्या कटाच्या खटल्यात आपल्या कितीतरी तरुणांना याच १२१-अ खाली शिक्षा झाल्या. आणि १२०-अ, १२०-ब ही दोन कलमे आली १९१३ च्या आठव्या कायद्याने. तेव्हापासून नुसते "ठरवणे" हाच स्वतंत्र गुन्हा झाला.

हे मला कसे समजले ते सांगतो, कारण कॉमर्सवाल्यांना ते पटकन कळेल. आपण बी. कॉम.ला करार कायदा शिकलो. कलम २३: ज्या कराराचा उद्देश बेकायदेशीर तो करार शून्य. दोघांनी मिळून गोदाम लुटायचे ठरवले आणि एकाने वाटा दिला नाही तर दुसरा कोर्टात जाऊ शकत नाही, कोर्ट म्हणणार असा करार आम्ही मानतच नाही. आमच्या सरांनी इथेच विषय संपवला होता. पण तोच न मानलेला करार फौजदारी कोर्टात गेला की तोच अख्खा गुन्हा! दिवाणी कायद्यात ज्याची किंमत शून्य, फौजदारीत त्याला जन्मठेपसुद्धा. गोदाम लुटले गेले की नाही हा प्रश्नच नाही. दोन किंवा जास्त माणसांनी गुन्हा करायचे ठरवले, झाले. ठरवलेली गोष्ट गुन्हा नसून नुसती बेकायदेशीर असेल तरच ठरवण्याच्या पुढे काही कृती झाल्याचे दाखवावे लागते.

शिक्षा किती, हे सगळे विचारतात. ठरवलेला गुन्हा फाशी, जन्मठेप किंवा दोन वर्षे वा त्याहून जास्त सक्तमजुरीचा असेल, तर कटवाल्याला त्या गुन्ह्याच्या चिथावणीइतकी शिक्षा. म्हणजे गुन्हा खरोखर घडला तर मूळ गुन्हेगाराइतकीच. खून ठरवला आणि झाला, तर ज्याने हात लावला नाही तोही फासापर्यंत जाऊ शकतो. घडला नाही तर कमी: फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्याला सात वर्षांपर्यंत, इतर गुन्ह्यांना साधारण कमाल मुदतीच्या चौथाईपर्यंत. आणि बाकीच्या किरकोळ कटांना सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. सरकार उलथवायच्या कटाला, म्हणजे १२१-अ ला, जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

आता दुसरा खटला.

१९७६ साली मी पंचविशीतला. शाखेत कॅश काउंटरला. सयाजीगंज म्हणजे स्टेशनच्या दारातला भाग, आमचे निम्मे खातेदार रेल्वेचे. दोनच वर्षांपूर्वी, मे १९७४ मध्ये, जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली देशभर रेल्वेचा संप झाला होता. तीन आठवडे चालला आणि मोडला. त्या संपात पगार बुडालेली माणसे आमच्या काउंटरसमोर उभी राहून शिल्लक विचारायची. म्हणून जॉर्ज हे नाव आम्हाला फक्त पेपरातले नव्हते.

आणीबाणी २५ जून १९७५ ला लागली. गुजरातेत तेव्हा बाबूभाई पटेलांचे जनता मोर्चा सरकार होते, त्यामुळे सुरुवातीला इथे इतर राज्यांपेक्षा थोडी हवा खेळती होती. मार्च १९७६ मध्ये ते सरकार पडले. त्याच महिन्यात गावात कुजबुज सुरू झाली की पोलिसांना डायनामाइट सापडले, पत्रकार धरले. पेपरात सेन्सॉर, त्यामुळे छापून काही येईना. आमच्याकडे बातमी यायची ती चहावाल्याकडून आणि रेल्वेच्या लोकांकडून. टाइम्सचे बडोद्याचे वार्ताहर के. विक्रम राव आणि इंडियन एक्सप्रेसचे किरीट भट्ट यांची नावे कानावर आली. वार्ताहर मंडळी गावात सगळ्यांना ठाऊक असतात हो! ती अशी एकदम दिसेनाशी झाली की त्यांचे नाव मोठ्याने घ्यायलाही लोक कचरायला लागतात. आमचे मॅनेजर गुजराती, भला माणूस. त्यांनी एक दिवस सगळ्यांना जवळ बोलावून हळूच सांगितले, "भाई, बँकमां राजकारणनी वात नहीं." बस. त्यानंतर जेवणाच्या सुट्टीत फक्त क्रिकेट.

आरोप काय होता? जॉर्ज भूमिगत होऊन जुलै १९७५ मध्ये बडोद्याला आले, इथल्या मंडळींना भेटले, हालोल बाजूच्या दगडखाणींत वापरतात तो डायनामाइट मिळवला आणि सरकारी जागा, रेल्वेमार्ग उडवायचा कट केला. बडोद्याचे नाव पडले ते यामुळे. पुढे संबंधितांनी सांगितले की माणसे मारायचा हेतू नव्हता, घबराट करायची होती. १० जून १९७६ ला जॉर्जना कलकत्त्यात पकडले. २४ सप्टेंबर १९७६ ला सीबीआयने दिल्लीच्या कोर्टात जॉर्ज आणि इतर २४ जणांवर चार्जशीट ठेवले. कलम १२१-अ, कलम १२०-ब आणि स्फोटक पदार्थांचे कायदे. म्हणजे नाव बडोद्याचे, खटला दिल्लीत. पंचविसातल्या दोघांना माफी देऊन साक्षीदार केले, दोघे फरार. पुन्हा माफीचे साक्षीदार! शंभर वर्षांनी तोच प्रकार. कटात कागद नसतो, त्यामुळे आतला माणूस फोडल्याशिवाय सरकारचे चालत नाही, आणि फुटलेल्या माणसाचा शब्द पूर्ण धरता येत नाही. म्हणून कोर्टे म्हणतात, त्याला दुसरा आधार हवा.

आरोपींत कोण होते पाहा. मुकुंद कंपनीचे उद्योगपती वीरेन शहा, जे पुढे पश्चिम बंगालचे राज्यपाल झाले. गांधीवादी वकील प्रभुदास पटवारी, जे पुढे तामिळनाडूचे राज्यपाल झाले. मुंबईचे डॉ. जी. जी. पारीख, ज्यांचे पनवेलजवळच्या तारा गावातले युसुफ मेहेरअली सेंटर आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. स्वतः जॉर्ज पुढे संरक्षणमंत्री. बेंगळुरूच्या अभिनेत्री स्नेहलता रेड्डी यांना याच प्रकरणात पकडून तुरुंगात ठेवले. त्यांचे नाव चार्जशीटमध्ये आलेच नाही. दम्याने बेजार झाल्या, सुटल्या आणि जानेवारी १९७७ मध्ये वारल्या. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त लागते ते हे. ज्या बाईवर आरोपच ठेवला नाही, तिने सर्वांत मोठी शिक्षा भोगली.

मार्च १९७७ च्या निवडणुकीत जॉर्ज तुरुंगातूनच मुजफ्फरपूरहून उभे राहिले आणि तीन लाखांवर मतांनी निवडून आले. हातात बेड्या घातलेला त्यांचा हात वर केलेला फोटो तुम्ही पाहिलाच असेल. निकालाच्या रात्री स्टेशनसमोर रेल्वेवाल्यांनी पेढे वाटले, मीही खाल्ला. सरकार बदलले आणि २६ मार्च १९७७ ला सरकारी वकिलाने खटला मागे घ्यायचा अर्ज केला. कोर्टाने परवानगी दिली.

इथे बहुतेक लोक गोष्ट संपवतात. पण राजेंद्र कुमार जैन नावाचे एक वकील या माघारीविरुद्ध वर सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. २ मे १९८० ला निकाल आला. न्या. चिनप्पा रेड्डी यांनी जे म्हटले त्याचा सारांश असा: खटला मागे घ्यायचा की नाही हे सरकारी वकिलाने स्वतःचे डोके वापरून ठरवायचे, सरकार सुचवू शकते पण हुकूम सोडू शकत नाही, गुन्हा राजकीय आहे म्हणून गुन्हेगार निर्दोष ठरत नाही, पण व्यापक लोकहितासाठी माघार घेता येते. माघार कायम राहिली.

माझे मत विचाराल तर, त्या वेळी आनंद झाला होता, तो खोटा नव्हता. पण पंचवीस माणसांनी खरेच काय ठरवले होते, कोणाला किती माहीत होते, हे एकाही साक्षीदाराच्या उलटतपासणीतून गेले नाही. मल्हाररावांच्या वेळी निदान तीन-तीन झाले. इथे मोजणीच झाली नाही. आणि रेल्वेच्या रुळाजवळ डायनामाइट, हेतू कितीही चांगला असला तरी, ज्याचा भाऊ लोको पायलट असेल त्याला विचारा. (माझा चुलतभाऊ होता.)

आता तो पोटातला गोळा. माझे एक सहकारी, नाव घेत नाही, दुसऱ्या गावच्या शाखेत फील्ड ऑफिसर होते. एका व्यापाऱ्याला गोदामातल्या मालाच्या तारणावर मोठे कर्ज दिलेले. महिन्याला स्टॉक स्टेटमेंट यायचे, हे जाऊन माल पाहून रिपोर्टवर सही करायचे. पुढच्या रांगेत खरी पोती, मागे भुसा! व्यापारी पळाला. चार्जशीट झाले १९९९ मध्ये: व्यापारी, गोदामाचा माणूस, मॅनेजर आणि चौथे आरोपी आमचे हे. ४२०, ४६८, ४७१ आणि सगळ्यांना एकत्र बांधणारे १२०-ब.

बांधणारे का म्हणतो? पुरावा कायद्याचे कलम १० असे आहे की कट होता असे मानायला वाजवी कारण दिसले, तर त्या समान हेतूने एकाने जे बोलले, लिहिले, केले ते बाकीच्यांविरुद्धही पुरावा म्हणून वाचता येते. व्यापाऱ्याने तिसऱ्याला लिहिलेली चिठ्ठी, जी आमच्या मित्राने जन्मात पाहिली नाही, तीही त्यांच्या फाइलीत. साधी चूक एकट्याची असते, कट म्हटले की सगळ्यांचे सगळे तुमच्या नावावर.

मला त्या केसमध्ये सह्या ओळखायला साक्षीदार म्हणून बोलावले होते, २००८ साली. कारण पूर्वी एकत्र काम केलेले. पिंजऱ्यात मी, समोर आरोपींच्या बाकावर माझा मित्र, आणि मला विचारतात, "ही सही कोणाची?" मी म्हटले, "यांची." दुसरे काय म्हणणार? सही त्यांचीच होती. बाहेर कॉरिडॉरमध्ये वहिनी डबा घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, जेवून जा." त्या पोळीचा घास मला गिळवला नाही.

रिटायर झाल्यावर त्यांना तात्पुरते पेन्शन मिळे, ग्रॅच्युइटी अडकलेली. मुलीचे लग्न दोनदा मोडले, कारण पाहुणे चौकशी करून गेले. २०१२ मध्ये निकाल लागला: सही निष्काळजीपणा दाखवते, पण व्यापाऱ्याबरोबर काही ठरले होते, त्यातून यांना काही मिळाले होते, याचा पुरावा नाही. सुटले. सुप्रीम कोर्टाने हेच तत्त्व मोठ्या खटल्यातही लावले आहे. राजीव गांधी खून खटल्यात खालच्या कोर्टाने २६ जणांना फाशी दिली होती, १९९९ मध्ये वरच्या कोर्टाने १९ जणांना सोडले. नुसती ओळख, नुसता सहवास, अगदी नुसती माहिती असणेसुद्धा म्हणजे कट नव्हे, ठरवण्यात सामील असावे लागते. पण हे कोर्टात सिद्ध होईपर्यंत आमच्या मित्राची तेरा वर्षे गेली, ती कुठल्या खात्यात टाकायची?

१ जुलै २०२४ पासून दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. १२०-अ आणि १२०-ब मिळून आता कलम ६१, आणि १२१-अ चे १४८ झाले. पुरावा कायद्याचे कलम १० नव्या कायद्यात कलम ८. नंबर बदलले, मजकूर जवळपास तोच. आम्हा म्हाताऱ्यांना मात्र १२०-बच आठवणार.

आणि हे जुन्या काळाचे नाही बरे का. आपल्या सयाजीगंजात आता हॉस्टेले आणि क्लासेस झालेत, बाहेरगावची मुले राहतात. गेल्या दिवाळीनंतर आमच्या सोसायटीतला एक मुलगा पासबुक घेऊन आला. "आजोबा, एक मित्र म्हणतो खाते आणि एटीएम कार्ड दे, महिन्याला पाच हजार देतो. टॅक्सचं काहीतरी आहे म्हणे." मी म्हटले, "बाळा, तुझ्या खात्यात कोणाचे पैसे येणार?" त्याला ठाऊक नव्हते. ऑनलाइन फसवणुकीचे पैसे अशाच भाड्याच्या खात्यांतून फिरवतात. पोलीस पहिल्यांदा खातेदाराच्या दारात येतात आणि फसवणुकीच्या कलमाबरोबर हेच ६१ लावतात. पुढे "मला माहीत नव्हते" हे खरे असले तरी ते सांगायला वकील लागतो, जामीन लागतो, आणि परीक्षा निघून जाते. मी त्याला समोर बसवून कार्ड परत मागायला लावले. मित्र टाळाटाळ करायला लागला. तेव्हा मुलाच्या आईला बोलावले आणि आम्ही तिघे बँकेत जाऊन कार्ड ब्लॉक केले, नेट बँकिंगचा पासवर्ड बदलला, आणि मॅनेजरकडे लेखी अर्ज देऊन त्याची शिक्का मारलेली पोच घेतली. ती पोच मी त्याच्या आईला फाइलमध्ये नीट लावून ठेवायला सांगितली आहे.